पावडर कुठली आणलीय?

“काकू, पावडर कुठली आणलीय?”

सिस्टरने हे इतक्या सहज विचारलं की मीही सहजच पिशवीत हात घातला. पिशवीत काय नव्हतं! जुन्या सुती साडीची वहिनीने शिवलेली दुपटी, झबली, टोपडी, लंगोटांची चळत, डायपरचं पाकीट, थर्मास, चांदीची वाटी आणि चमचा, शिवाय देवघरातल्या अंगाऱ्याची पुडी. दुधाची पावडर तेवढी नव्हती. “नाही आणली,” म्हटलं. “मग खाली मेडिकल चोवीस तास उघडं असतं. आत्ताच आणून ठेवा, रात्री धावपळ नको,” असं सांगून ती शेजारच्या खोलीत गेलीसुद्धा. तिच्या आवाजात आग्रह नव्हता, कंटाळा नव्हता, कुणाचा माल खपवायची घाई तर मुळीच नव्हती. चादर बदलायची आहे का, लघवीची पिशवी भरली का, ज्या सुरात तिने आधी विचारलं त्याच सुरात हेही. बहुधा त्या सुरामुळेच तो प्रश्न माझ्या डोक्यात अडकून राहिला.

भाचीचं दुपारी सिझर झालं होतं. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, पुण्यात. जावई बंगळुरूहून निघालेले, अजून वाटेत. वहिनीला नेमका त्याच दिवशी ताप भरला आणि बाळंतिणीजवळ तापाचं माणूस नको म्हणून रात्रीची सोबत माझ्यावर आली. कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीतलं ते प्रसूतिगृह. बाहेर संततधार, खोलीत स्पिरिटचा, फिनेलचा आणि कोपऱ्यात उघडून ठेवलेल्या माझ्या ओल्या छत्रीचा मिळून एक कोंदट वास. भाचीच्या कमरेखालची भूल नुकती उतरत होती, ती पाय हलवून बघत होती आणि दर पाच मिनिटांनी “आत्या, ती नीट श्वास घेतेय ना?” एवढंच विचारत होती. ती म्हणजे पाळण्यातली, हिरव्या कापडात गच्च गुंडाळलेली, कपाळाला आठ्या घातलेली आमची नवी पाहुणी.

मी खाली उतरले. ऑगस्टचा पहिला आठवडा नुकताच सरला होता. लॉबीत स्तनपान सप्ताहाची रांगोळी अजून पुसली नव्हती. आईच्या पदराचा गुलाबी रंग ओल्या चपलांनी लिफ्टपर्यंत पोचवला होता. भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता: जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्या, चीक फेकू नका, सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पाणीसुद्धा देऊ नका. द्या, घ्या, नका. सगळी वाक्यं आईला उद्देशून. हे तेव्हा वाचलं आणि पुढे गेले, पण नंतर त्या तक्त्याने मला बराच त्रास दिला, त्याचं पुढे सांगते.

मेडिकलवाल्याने मान वर न करता विचारलं, “किती दिवसांचं?” “आजचंच.” “मग एक नंबर.” आणि काउंटरवर डबा आला. आमच्या लहानपणी असल्या डब्यांवर गुटगुटीत, हसरं बाळ असायचं. गावोगाव सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या आणि बाळसं धरलेल्या मुलाला बघून बायका विचारायच्या, कुठला डबा देता हो? आता डब्यावर बाळ नसतं, आईही नसते. १९९२च्या कायद्याने ती चित्रं गेली, जाहिराती गेल्या, बाळंतिणीच्या हातात फुकटचा नमुना ठेवायची सोय गेली, आणि २००३मध्ये कायदा आणखी कडक झाला. आईचं दूधच बाळाला सर्वांत चांगलं, हेही त्या डब्यावरच छापावं लागतं. मला वाटतं, आपल्याकडच्या बऱ्याच कायद्यांपेक्षा हा कायदा नेटका आहे. पण कायद्याने डब्यावरचं बाळ काढलं. वरच्या मजल्यावरच्या त्या प्रश्नाचं काय करायचं? तो विचारायला कुठल्या कंपनीचा माणूस आला नव्हता. तो दवाखान्याच्या सवयीत मुरलेला होता.

रात्री एकच्या सुमाराला बाळाने सूर लावला. सिस्टर आली. भाचीला जरा कुशीवर वळवून तिने बाळाचं तोंड स्तनाशी नेलं, दोन-तीनदा गालाला बोट लावलं. बाळाने इकडेतिकडे मान फिरवली आणि आणखी जोरात किंकाळी फोडली. “ओढत नाहीये,” सिस्टर म्हणाली, आणि जरा वेळाने, “दूध उतरलं नाहीये अजून.” ही दोन वाक्यं भाचीने कशी ऐकली ते मी बघत होते. मग थर्मासमधल्या पाण्यात मापाने पावडर कालवली गेली, एक माप, तीस मिली. “बाटली नका हं आणू काकू, वाटी-चमच्यानेच देऊ. बाटलीने इन्फेक्शन होतं,” हे मात्र तिने बजावून सांगितलं आणि ते अगदी बरोबर सांगितलं. पहिल्या दिवसाचं बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर पितं. तिथे तीसातलं बरंचसं पोटात गेलं, थोडं हनुवटीवरून मानेच्या वळीत गेलं आणि बाळ गाढ झोपलं. भाचीही झोपली. खरं सांगायचं तर त्या शांततेने मलाही हायसं वाटलं.

मला मात्र झोप लागेना. तीन वाजता कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालताना सिस्टर टेबलाशी फाईल भरत बसलेली दिसली. वय असेल तेवीस-चोवीस. उदगीरकडची, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, वडगावला तिघीजणींत खोली घेऊन राहणारी. रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी, अख्ख्या मजल्याला त्या दोघी आणि एक मावशी. मी तिला बिस्किटं दिली आणि विचारलं, हे पावडरचं सगळ्यांनाच सांगतेस का गं? तिला प्रश्नाचा रोख लगेच कळला. “काकू, मला सगळं येतं हो,” ती म्हणाली. “स्तनपानाच्या टेन स्टेप्स लिहा, हा प्रश्न यायचाच. पाच मार्कांना.” आणि पेन खाली ठेवून तिने खरोखरच मला धडाधड म्हणून दाखवल्या. तासाभरात त्वचेला त्वचा लावून पाजणं, आई-बाळ एका खोलीत, वैद्यकीय कारणाशिवाय वरचं काही नाही, बाळ मागेल तेव्हा पाजणं, सगळं. एकही चुकली नाही. “मग?” “मग काय! आमचं लेबर रूमचं पोस्टिंग नेमकं कोविडमध्ये. कॉलेज मोबाईलवर. मॅडमनी बाहुली धरून दाखवलं, ती पण स्क्रीनवर. खऱ्या आईला, खरं बाळ ओढत नसताना कसं लावायचं, ते कुणी हाताला धरून दाखवलंच नाही. इथे लागले तर पहिल्याच आठवड्यात आधीच्या सिस्टरने सांगितलं, संध्याकाळीच पावडर आणवून ठेवायची. एका बाळापाशी अर्धा तास बसले तर बाकीची इंजेक्शनं कोण देणार? आणि बाळ रडलं की नातेवाईक रिसेप्शनवर जाऊन भांडतात, आमचं बाळ उपाशी मारता का म्हणून.”

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. मधे बेल वाजली, ती उठून गेली, सलाईन बदलून आली आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागली.

तिची कीव करावी, का तिच्या दवाखान्याचा राग धरावा, मला ठरवता येईना. दहाच्या दहा पायऱ्या तोंडपाठ असलेली मुलगी आणि तिच्याच हातात ती पावडरची वाटी. आपल्याकडे माहिती नाही, जनजागृती हवी, असं ज्याला त्याला म्हणायची सवय आहे. इथे माहिती होती, पाच मार्कांची होती. हात तेवढे शिकलेले नव्हते, आणि शिकलेले असते तरी त्यांना मोकळा अर्धा तास नव्हता.

पूर्वी हे सगळं छान होतं, बायका आपोआप शिकायच्या, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझ्या आईची सगळी बाळंतपणं सातारा जिल्ह्यात, घरच्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत झाली. सुईण हुशार होती म्हणे, पण पहिले दोन-तीन दिवस चीक पिळून टाकून द्यायचा हा तिचा नियम. जड असतो, बाळाला बाधतो, असं सगळ्यांचंच मत. तोवर बाळाला मधाचं बोट, गुळाचं पाणी आणि बोंडल्याने शेळीचं दूध. ज्या पिवळ्या चिकात बाळाची पहिली सगळी राखण असते तो मोरीत जायचा, आणि आई हे सांगताना इतकं साधेपणाने सांगायची की मी लहानपणी त्यात काही वावगं आहे असा विचारही केला नव्हता. आमच्यातले जे जगले ते आम्ही. जे जगले नाहीत त्यांच्याबद्दल आई फारसं बोलायची नाही.

माझं स्वतःचं बाळंतपण १९९१चं, पुण्यातच, एका मोठ्या नावाच्या दवाखान्यात. तिथे तर बाळं आयांजवळ नसायचीच. बेबी रूम नावाची एक खोली, तिला मोठी काच, आत ओळीने पाळणे. पायाला आईच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. दर तीन तासांनी एक सिस्टर “चला, पाजायची वेळ झाली” अशी हाळी द्यायची आणि दोन्ही हातांवर बाळं घेऊन एकेका खाटेवर वाटत जायची. माझा मुलगा नेमका त्या वेळेला गाढ झोपलेला असायचा. त्याला टिचक्या मारून जागा करेपर्यंत न्यायची वेळ व्हायची. मग काचेपलीकडे तो भुकेने लालबुंद होऊन रडताना दिसायचा आणि मी अलीकडे उभी, झंपर पान्ह्याने भिजलेला. यात कुणाला काही चूक वाटत नव्हतं. उलट, बाळाला जंतू लागू नयेत म्हणून केवढी काळजी घेतात, असं माझ्या सासूबाई येईल त्याला कौतुकाने सांगत.

हे सगळं दुसऱ्या दिवशी मी ज्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं ती सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंग शिकवणारी. तिने आधी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “तुझ्या १९९१चंच सांगते.” त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून ‘बेबी फ्रेंडली हॉस्पिटल’ ही मोहीम काढली. दहा पायऱ्या त्याआधीच, १९८९मध्ये लिहून झाल्या होत्या. त्याच १९९१च्या डिसेंबरात आपल्या वर्ध्याला बीपीएनआय ही स्तनपानासाठी झटणारी देशपातळीवरची संस्था निघाली. नव्वदीत मग एकेका रुग्णालयावर ‘बाळस्नेही’च्या पाट्या लागल्या. बेबी रूमच्या काचा गेल्या, बाळं आयांच्या कुशीत आली, आणि हा केवढा मोठा बदल होता हे तुम्हा लोकांच्या लक्षातही नाही, असं ती म्हणाली. तेव्हा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण अठरा तासांचं असे. त्यातले निदान तीन तास प्रत्यक्ष बाळंतिणीच्या खाटेशी, शिकवणारी पाठीशी उभी राहून. लोकरीचे विणलेले स्तन घेऊन ती वॉर्डावॉर्डात फिरायची आणि पोरी खिदळायच्या. मग पाट्या जुन्या झाल्या, शिकलेल्या सिस्टरांच्या बदल्या झाल्या, नव्या आल्या त्या कंत्राटी. पाटी भिंतीवर राहिली.

“आणि तू तो तक्ता म्हणालीस ना,” ती पुढे म्हणाली, “तो आईसाठी असतो. दहा पायऱ्या आईसाठी नाहीतच मुळी. त्या दवाखान्यासाठी आहेत.”

मी त्या पायऱ्या पुन्हा वाचल्या, १९८९च्याही आणि २०१८मध्ये सुधारलेल्याही. पहिली पायरी: दवाखान्याचं लेखी धोरण, ते सगळ्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोचलेलं, आणि २०१८पासून त्यातच दूध-पावडरच्या विक्रीबाबतचे नियम पाळण्याची अट. दुसरी: कर्मचाऱ्यांकडे ज्ञान, क्षमता आणि कसब आहे की नाही याची खात्री. गरोदर आईशी बोलायचं, ते तिसऱ्या पायरीवर येतं. म्हणजे ती दारात येण्याआधी दोन पायऱ्या दवाखान्याने चढून ठेवायच्या आहेत. आपण मात्र पहिल्या दोन गाळल्या आणि उरलेल्या आईच्या माथी मारून भिंतीवर टांगल्या. नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर, सिस्टरला उद्देशून लिहिलेला तक्ता मी तिथे शोधला. तिथे बायोमेडिकल कचऱ्याच्या लाल-पिवळ्या-निळ्या डब्यांचा तक्ता होता, आणि हात धुण्याचा. दोन्हींची तपासणी होते, म्हणून ते दोन्ही पाळलेही जातात.

आकडे मला फारसे भावत नाहीत, पण दोन आकडे शेजारी ठेवले की माझा जीव कासावीस होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्के. घरी बाळंतपणं होत होती तोवर सुईणीला आणि सासूला दोष देता येत होता. आता तो पहिला तास दवाखान्याच्या हातात आहे, घड्याळ, डॉक्टर, सिस्टर सगळं हजर असताना. सरकारने २०१६मध्ये ‘माँ’ हा स्तनपानाचा कार्यक्रम आणला, आशा ताईंपासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना शिकवायचं ठरवलं, ते चांगलंच केलं. पण खासगी प्रसूतिगृहातल्या उदगीरच्या मुलीपर्यंत तो पोचायची वाट मला काही दिसली नाही.

बरं, तो पहिला तास जातो कुठे? आमच्या बाळाचा मी डोळ्यांनी बघितला. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं, बाळरोगतज्ज्ञांनी गुंडाळलेलं गाठोडं बाहेर आणलं, “मुलगी आहे, वजन दोन किलो आठशे,” आणि आम्ही नऊ-दहा माणसं तुटून पडलो. भावाने मोबाईल काढला. कुणी जन्मवेळ लिहून घेतली, सेकंदासकट, पत्रिकेसाठी. कुणी बर्फी आणायला धावलं, तिथे लगेच एक आतेभाऊ “मुलगी झाली तरी पेढेच वाटा हो” म्हणून वाद घालू लागला. व्हिडिओ कॉलवर जावई, त्यांची आई, त्यांची आजी. आत भाची टाके घालून घेत पडलेली. कमरेखालीच भूल दिलेली होती, म्हणजे ती पूर्ण शुद्धीत होती. हात मोकळा होता, छाती मोकळी होती. सिझर झालेल्या आईच्या छातीवरही बाळ तिथल्या तिथे ठेवता येतं, कुणीतरी धरायला उभं राहिलं तर. उघड्या छातीवर पालथं टाकलेलं ताजं बाळ पायांनी रेटा देत, वास घेत, डोकं आपटत स्वतःच स्तनापर्यंत सरकतं. स्वीडनमध्ये हे १९८७मध्ये नीट नोंदवून ठेवलं गेलं. आमचं बाळ त्या वेळेला माझ्या चुलत काकांच्या हातात होतं आणि ते त्याच्यात आमच्या आजोबांचं नाक शोधत होते. पहिल्या तासाभरात बाळ बाहेर दाखवलं नसतं तर आम्हीच थिएटरच्या दारावर धडका दिल्या असत्या. दवाखाना लोकांना काय हवं ते ओळखून असतो.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण साडेसातलाच आली, भिजलेली छत्री झटकत. तिने आधी हात धुतले, कोपरापर्यंत. मग पाळण्याकडे न जाता भाचीच्या खाटेची मागची बाजू उंच केली, तिच्या डाव्या कुशीला उशी लावली आणि विचारलं, “टाके ओढतात का? नाही ना? मग आता खांदे सोड. कानाला टेकलेत ते.” एक स्वच्छ चमचा मागून घेतला. अंगठा आणि बोट काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवून आधी आत छातीकडे दाबलं, मग एकमेकांकडे. काही नाही. पुन्हा. पुन्हा. आणि मग एक पिवळाधमक, चिकट थेंब आला, त्यामागे दुसरा. चमच्याचं बूड जेमतेम झाकलं. “हे बघ तुझं दूध,” ती म्हणाली. “कोण म्हणालं उतरलं नाही?” भाची त्या चमच्याकडे बघत राहिली.

मग बाळाचं कापड सोडलं, नुसत्या लंगोटावर ठेवलं. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला आडवं न घेता भाचीच्या काखेखालून घेतलं, पाय मागे पाठीकडे, मान तिच्या तळव्यावर. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, तोंड नव्हे, नाक. वरच्या ओठावर स्तनाग्र हलकेच फिरवलं. बाळाने तोंड किंचित उघडलं. “थांब,” मैत्रीण म्हणाली. आणखी थोडं उघडलं. “थांब. घाई नको.” आणि पूर्ण आ वासल्याबरोबर तिने खांद्यामागून बाळाला झटकन पुढे घेतलं. बाळ स्तनाकडे आलं, स्तन बाळाकडे नेला नाही. हनुवटी रुतली, खालचा ओठ बाहेर मुडपला, वरच्या बाजूचं काळं वर्तुळ थोडं दिसत राहिलं, खालचं दिसेनासं झालं. आधी भराभर चार-सहा ओढी, मग एक लांब, मग थांबणं, आणि घशातून अगदी बारीक आवाज. “ऐकलंस? गिळतेय.” भाचीच्या पायाची आवळलेली बोटं सुटली. “दुखत नाहीये,” ती आश्चर्याने म्हणाली. “दुखायला नकोच. दुखलं तर करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि परत लावायचं. दहादा लागलं तर दहादा.”

दारात रात्रीची सिस्टर उभी होती. ड्यूटी संपलेली, अंगात रेनकोट, खांद्याला पर्स. किती वेळ उभी होती कोण जाणे. “मॅडम,” ती म्हणाली, “दुसऱ्या बाजूला मी लावू?” मैत्रिणीने काही न बोलता जागा करून दिली. रेनकोट काढला, हात धुतले. पहिल्या वेळी बाळ निसटलं. दुसऱ्या वेळी तिने नको तितकी घाई केली. मैत्रिणीने तिचा हात बाळाच्या मानेवरून खांद्यांमागे सरकवला, एवढंच. तिसऱ्यांदा लागलं. ती मुलगी इतकी खूश झाली की तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. “सहा नंबरची पण कालपासून रडतेय,” ती म्हणाली, आणि दोघी सहा नंबरकडे गेल्या. या सगळ्याला मिळून अर्धा-पाऊण तास लागला असेल. अठरा तासांतला तेवढा तुकडा तिला अखेर मिळाला, तोही घरी जायच्या वेळेत, पगाराबाहेर, पाहुण्या बाईकडून.

पावडर म्हणजे विष असं काही मला म्हणायचं नाही. अपुऱ्या दिवसांचं, साखर उतरलेलं, आईपासून वेगळं ठेवावं लागलेलं बाळ असतं आणि त्याला तेव्हा आधार लागतो. त्यातही आधी आईचंच काढलेलं दूध, मग दुसऱ्या आईचं. त्यासाठी १९८९मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत शीवच्या रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आपल्या ससूनमध्येही अशी पेढी आहे. तेही नसेल तर डबा, औषध म्हणून, डॉक्टरने लिहून दिलेला. माझा आक्षेप संध्याकाळीच, बाळ रडायच्या आत, सगळ्यांकडून आणवून ठेवलेल्या डब्याला आहे. कारण पोट भरलेलं बाळ ओढत नाही, ओढलं नाही की दूध वाढत नाही, आणि मग तिसऱ्या दिवशी सगळे मान हलवून म्हणतात, बघा, हिला दूधच नाही.

हे ‘हिला दूधच नाही’ बाईला आयुष्यभर पुरतं. माझी एक चुलत जाऊ आहे, साठीच्या पुढची. कुठलाही विषय निघो, ती आपला रक्तगट सांगावा तसं सांगते, “मला दूधच नव्हतं.” कुणी सांगितलं तुम्हाला, असं एकदा विचारलं. म्हणाली, दवाखान्यात सांगितलं. कुणी? आठवत नाही, कुणीतरी सिस्टर होती. बोलणारी विसरूनही गेली असेल, ऐकणारी अजून विसरलेली नाही. दुसरीकडे मला तो आग्रहाचा छळही ठाऊक आहे. बाळंतिणीला भेटायला आलेली प्रत्येक बाई हळिवाच्या लाडवाचा डबा उघडता उघडता तिच्या छातीकडे बघून “पुरतंय ना?” विचारते, आणि ज्या मुलीने मनापासून प्रयत्न करून, किंवा न करताही, डब्याचा मार्ग धरला तिला जन्माची अपराधी करते. आईला एवढं सगळं ऐकवणाऱ्या आपल्या समाजात दवाखान्याला एक प्रश्न विचारायला मात्र कुणाची जीभ वळत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंच्या सुनेला आता सातवा लागला आहे. ती चौकस आहे. माझ्याकडून हे सगळं ऐकून तिने दोन प्रसूतिगृहांना फोन लावले आणि सरळ विचारलं, रात्री दोन वाजता बाळ ओढत नसेल तर मदतीला कोण येतं? पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं की लॅक्टेशन कन्सल्टंट मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक येतात. “आणि रात्री?” “रात्री सिस्टर असतात ना.” “त्यांना येतं?” पलीकडची मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, “मॅडम, असं कुणी विचारत नाही हो.” मग तिने सूटचं भाडं, पॅकेजमध्ये काय काय येतं आणि तळमजल्यावर गाड्या लावायची किती प्रशस्त सोय आहे ते सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी मॅट्रनबाई स्वतः फोनवर आल्या. म्हणाल्या, नाईटच्या मुलींना मीच शिकवलंय, विश्वास नसेल तर एखाद्या रात्री येऊन बघा. ते पेठेत आहे, जुन्या इमारतीत, लिफ्ट अधूनमधून बंद, गाडी लावायला जागा नाही. नाव कुठे घालायचं यावर त्यांच्या घरात सध्या खल चालू आहे. सून आणि काकू एका बाजूला आहेत. सासरे आणि मुलगा पार्किंगच्या बाजूने आहेत.